असहकार देशाबाहेरूनही व्हावा लागतो

२ फेब्रुवारी २०२१ ला रात्री म्यानमारच्या यांगोन शहरातले लोक गॅलरीत आणि दारात येऊन भांडी वाजवायला लागले. आदल्या दिवशी पहाटे म्यानमारच्या लष्कराने सत्ता हिसकावली होती, आणि तीही नवीन संसद भरायची होती नेमक्या त्याच दिवशी. निवडून आलेल्या सरकारच्या नेत्या आंग सान सू ची अटकेत, राष्ट्राध्यक्ष विन म्यिंट अटकेत, आणि नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत ४७६ पैकी ३९६ जागा जिंकलेला त्यांचा पक्ष एका रात्रीत बेकायदा असल्यासारखा. सेनाप्रमुख मिन आंग ह्लाइंग म्हणाले निवडणुकीत घोटाळा झाला. पुरावा काय, तर लष्कर म्हणतंय म्हणून. लष्कराच्या पाठिंब्यावरच्या पक्षाला ३३ जागा मिळाल्या होत्या, खरं दुखणं तिथे होतं.

तिकडे घरातली पीडा, भूतबाधा घालवायची म्हणून भांडी बडवायची जुनी चाल आहे. म्हणून मग रोज रात्री आठला झाकणं, तवे, पातेली, हातात येईल ते. पोलीस कोणाकोणाला पकडणार, अख्खी गल्लीच वाजवतेय.

मला या आंदोलनाबद्दल लिहायचंय कारण आपल्याकडे त्याचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी बोलतात. एक म्हणजे शांततेने काही होत नसतं, बंदुकीपुढे मोर्चा काय करणार, बघा शेवटी त्यांनाही बंदूक घ्यावीच लागली. आणि दुसरी, आंतरराष्ट्रीय दबाव वगैरे सगळी नाटकं आहेत, सँक्शन्सने, म्हणजे आर्थिक निर्बंधांनी, कुठला हुकूमशहा गेलाय. मला दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं असंय की म्यानमारच्या लोकांनी शांततेच्या मार्गाने जे करायचं ते पूर्ण केलं, अगदी जीव तोडून केलं, आणि त्यातला जो अर्धा भाग बाहेरच्या देशांनी करायचा होता तो झालाच नाही. आणि त्या बाहेरच्या देशांत आपणही येतो.

आधी त्यांनी काय केलं ते नीट बघूया. सुरुवात केली सरकारी हॉस्पिटलमधल्या डॉक्टर आणि नर्सेसनी, कोविड चालू असताना. लष्कराच्या हाताखाली नोकरी करणार नाही म्हणून सांगितलं, छातीवर लाल फीत लावली, आणि जमेल तिथे बाहेर फुकट दवाखाने चालवले. मग शिक्षक आले, रेल्वेवाले आले, बँकांचे लोक आले, सरकारी कचेऱ्यांतले क्लार्क आले. ट्रेन बंद, बँका बंद, पगार बंद. रेल्वे कामगारांच्या यांगोनमधल्या वसाहतीत मार्चमध्ये फौजफाटा घुसला, घरंच्या घरं क्वार्टर सोडून निघून गेली पण कामावर नाही गेली. आपल्याकडे सरकारी नोकरी आणि क्वार्टर सोडणं म्हणजे काय असतं ते ज्याच्या घरात सरकारी नोकरी आहे त्याला विचारा.

बाकीच्यांनी लष्कराच्या धंद्यांवर बहिष्कार टाकला. लष्कराच्या कंपनीची भागीदारी असलेली बिअर दुकानातून गायब झाली, लष्कराचा पैसा असलेल्या मोबाइल कंपनीची सिमकार्डं लोकांनी मोडून टाकली, सरकारी लॉटरी घेणं बंद, लाइटचं बिल भरणं बंद. एक दिवस यांगोनमध्ये शेकडो गाड्या रस्त्यात "बंद पडल्या", बॉनेट वर करून मालक शेजारी उभे, पोलिसांच्या गाड्या येणार कुठून. आणि मार्चमध्ये बायकांनी जे केलं ते तर मला आजही आठवलं की थांबायला होतं. तिथे बायका कमरेला लुंगीसारखं गुंडाळतात ते वस्त्र, थमेन म्हणतात त्याला, ते त्यांनी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्यांवर वाळत घातलं. बाईच्या थमेनखालून पुरुष गेला की त्याचं पौरुष, त्याचं तेज कमी होतं अशी तिकडची समजूत. सैनिक आले, वर बघितलं, आणि थांबले. ट्रकच्या टपावर चढून एकेक थमेन काढून टाकल्याशिवाय पुढे जाईनात, तेवढ्या वेळात पोरं गल्लीबोळातून निसटायची. ज्या समजुतीने बायकांना आयुष्यभर खाली ठेवलं तीच त्यांनी बॅरिकेड म्हणून वापरली. आणि २४ मार्चला तर कोणी रस्त्यावर आलंच नाही, दुकानं बंद, बाजार बंद, शहरंच्या शहरं मोकळी, गोळी घालायला समोर कोणी नाही.

आणि गोळ्या तर घालतच होते. पहिला बळी गेला ती मुलगी राजधानी नेपिडोत मोर्चाला आली होती, डोक्यात गोळी लागली, वीस वर्षांचीही नव्हती पूर्ण. २७ मार्चला, लष्कर दिनाला, एका दिवसात शंभराहून जास्त माणसं मारली, त्यात लहान मुलंही होती. नंतरच्या वर्षांत हा आकडा सहा हजारांच्या पार गेला आणि तीस लाखांहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं.

आता मुख्य प्रश्न. एवढं करूनही लष्कर पडलं का नाही?

असहकार चालतो कशावर? राज्य करणाऱ्याला तुमची गरज असते यावर. इंग्रजांना इथे कर हवा होता, पाटील-तलाठी हवे होते, क्लार्क आणि शिपाई हवे होते, मँचेस्टरचं कापड घेणारं गिऱ्हाईक हवं होतं. सोलापूरला मे १९३० मध्ये लोकांनी इंग्रजांचं ऐकणंच बंद केलं तेव्हा त्यांना मार्शल लॉ लावावा लागला, चौघांना फाशी द्यावी लागली, आणि तरी हा कारभार फार काळ असा रेटता येणार नाही हे त्यांनाही कळत होतं. लोकांनी हात काढून घेतला की सरकार लंगडं होतं, हा सगळा त्यातला हिशोब.

म्यानमारच्या जनरल लोकांना लोकांची तशी गरजच नाहीये, निदान अर्धी तरी नाही. त्यांचा पैसा समुद्राखालून येतो. यादाना, श्वे अशी गॅसची क्षेत्रं आहेत, गॅस पाइपलाइनने थायलंड आणि चीनला जातो आणि डॉलर सरकारी तेल-वायू कंपनीच्या खात्यात पडतात, वर्षाला एक अब्ज डॉलरच्या वर. त्याशिवाय रत्नं आहेत, सागवान आहे, लष्कराच्या मालकीच्या दोन प्रचंड कंपन्या आहेत ज्या दारूपासून बँकेपर्यंत सगळ्यात आहेत. डॉक्टर संपावर गेला तर जनरलचं काय जातं? त्याचं हॉस्पिटल वेगळं. शाळा बंद पडली तर काय? त्याची मुलं सिंगापूरला. देशातल्या लोकांनी असहकार केला की लष्कराची एक बाजू खचते, दुसरी बाजू बाहेरच्या पैशावर, बाहेरच्या शस्त्रांवर आणि बाहेरून येणाऱ्या विमानाच्या इंधनावर तशीच उभी राहते. म्हणून मी म्हणतो की इथे आंतरराष्ट्रीय दबाव हे काही वरचं टॉपिंग नाही, कोणीतरी मोठ्या मनाने केलेली मदत नाही, तो त्याच असहकाराचा दुसरा अर्धा भाग आहे. यांगोनमधल्या बाईने बिअर आणि सिमकार्ड सोडलं, गॅसचा चेक ती थांबवू शकत नाही, तो ज्याच्या हातात आहे त्यानेच थांबवायचा.

आणि हे पहिल्यांदा होत नाहीये हो. १९६२ मध्ये ने विनने सत्ता घेतली तेव्हापासून हे चालू आहे. १९८७ मध्ये त्याने रातोरात नोटा रद्द केल्या, लोकांची बचत कागद झाली, आणि ८ ऑगस्ट १९८८ ला देशभर विद्यार्थी, भिक्खू, बंदर कामगार रस्त्यावर आले. हजारो मारले गेले. १९९० मध्ये निवडणूक घेतली, सू चींचा पक्ष ३९२ जागा जिंकला, निकाल मान्यच केला नाही. मग २००७. ऑगस्टमध्ये इंधनाचे दर एकदम वाढवले, पकोक्कू शहरात भिक्खूंना मारहाण झाली आणि भिक्खूंनी लष्करी लोकांकडून भिक्षा घेणं बंद केलं. भिक्षापात्र उलटं धरून चालायचे. बौद्ध देशात याचा अर्थ असा की तुला पुण्य मिळणार नाही, तुझा आमच्याशी संबंध संपला. यापेक्षा शांत निषेध मला तरी माहीत नाही.

आणि त्याच दिवसांत, सप्टेंबर २००७ च्या त्याच आठवड्यात, हजारो भिक्खू यांगोनच्या रस्त्यांवर चालत असताना, आपले पेट्रोलियम मंत्री मुरली देवरा, आपल्या मुंबईचे, म्यानमारच्या राजधानीत होते. गॅस शोधायच्या करारांसाठी. दोन-तीन दिवसांत तिकडे गोळीबार सुरू झाला. हे मी कोणा एका पक्षाला शिव्या द्यायला सांगत नाहीये, कारण सरकारं बदलली तरी धोरण तेच राहिलंय. १९८८ ला रंगूनमधला (म्हणजे आजच्या यांगोनमधला) आपला दूतावास विद्यार्थ्यांच्या बाजूने होता, आकाशवाणीची बर्मी सेवा त्यांच्या बातम्या द्यायची, १९९३ चा नेहरू पुरस्कार आपण नजरकैदेतल्या सू चींना दिला. मग हळूहळू आपण गप्प झालो. २७ मार्च २०२१ च्या त्या लष्कर दिनाच्या परेडला आठ देशांनी प्रतिनिधी पाठवले, त्यात रशिया, चीन, पाकिस्तान यांच्याबरोबर भारत होता. एकीकडे परेड, दुसरीकडे गल्लीत मुलं मरतायत. जून २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला की म्यानमारला शस्त्रं जाऊ देऊ नका, ११९ देश बाजूने, भारत तटस्थ. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत हिंसा थांबवा म्हणणारा ठराव, बारा बाजूने, तीन तटस्थ: चीन, रशिया आणि आपण.

आता सँक्शन्सचं. सँक्शन्स फुकट जातात हे म्हणणाऱ्यांकडे एक खरा मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. २००३ मध्ये सू चींच्या ताफ्यावर डेपायिनला हल्ला झाला आणि अमेरिकेने म्यानमारमधून येणारा सगळा मालच बंद केला. झालं काय, कपड्यांचे कारखाने बंद पडले, त्यात शिवणकाम करणाऱ्या हजारो मुली घरी बसल्या, आणि गॅस मात्र चालू राहिला कारण तो अमेरिका घेतच नव्हती. मुलीचा डबा गेला, जनरलचा चेक चालू. असल्या सरसकट बंदीच्या मी पूर्ण विरोधात आहे. आणि कंपनी नुसती सोडून गेली म्हणून पण काही होत नाही. फ्रान्सच्या टोटलने जानेवारी २०२२ मध्ये यादाना सोडतो म्हणून जाहीर केलं, पण गॅस वाहतच राहिला, चालवणारी कंपनी बदलली फक्त. नॉर्वेची टेलिनॉर गेली तेव्हा तर लाखो ग्राहकांचा डेटा कोणाच्या हातात पडणार म्हणून तिकडचे कार्यकर्तेच विक्रीला विरोध करत होते. नुसतं हात झटकून निघून जाणं वेगळं आणि लष्कराच्या खात्यात जाणारा पैसा अडवणं वेगळं.

पण नेम धरून केलेला दबाव लागू पडतो, याचं उदाहरण समोर आहे आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. संयुक्त राष्ट्रांसाठी म्यानमारमधल्या मानवी हक्कांवर अहवाल देणारे तज्ज्ञ (स्पेशल रॅपोर्टर) टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये अहवाल दिला की सत्ता बळकावल्यापासून लष्कराने एक अब्ज डॉलरची शस्त्रं, सुटे भाग आणि कच्चा माल बाहेरून घेतलाय. कुठून? रशिया ४० कोटी डॉलर, चीन २६ कोटी, सिंगापूरमधल्या कंपन्या २५ कोटी, भारतातल्या कंपन्या ५ कोटी, त्यात सरकारी कंपन्याही. सिंगापूरने हे वाचून चौकशी लावली, बँकांना तपासायला लावलं, आणि पुढच्या वर्षी तिथून जाणारा माल ११ कोटींवरून एक कोटीच्या आसपास आला. बँकांतून होणारी लष्कराची एकूण खरेदी एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याने घटली. थायलंडच्या बँकांनी काही जागा भरून काढली हे खरंय, पण म्हणजे उपाय चुकला असं नाही, म्हणजे पुढचा दरवाजा थायलंडचा. एका छोट्या देशाने फक्त आपल्या बँकांकडे नीट बघितलं तर एवढा फरक पडतो.

आणि हे सुटे भाग म्हणजे काय ते पण कळू दे. एप्रिल २०२३ मध्ये सगाइंग प्रांतातल्या पाझीजी गावात विरोधकांच्या स्थानिक ऑफिसचं उद्घाटन होतं, गावजेवण होतं, बायका-मुलं जमली होती. वरून विमानाने बॉम्ब टाकला, मग हेलिकॉप्टरने पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. १६० हून जास्त लोक गेले. ते विमान उडायला इंधन लागतं, पार्ट लागतात, आणि ते म्यानमारमध्ये बनत नाहीत.

आता जे म्हणतात शेवटी बंदूकच घेतली ना. हो, २०२१ च्या मध्यापासून अनेक तरुण जंगलात गेले, सप्टेंबरमध्ये लष्कराच्या विरोधकांनी स्थापन केलेल्या समांतर सरकारने उघड युद्ध पुकारलं. मी त्या पोरांना नावं ठेवणार नाही, माझ्या डोळ्यादेखत मित्राला मारलं असतं तर मी काय केलं असतं मला सांगता येत नाही. पण म्हणून शांततेचा मार्ग फसला असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. महिनोन्‌महिने त्यांनी जगाकडे हात केला होता. त्यांच्या संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूताने, क्याव मो तुन यांनी, स्वतःची नोकरी आणि जीव पणाला लावून २६ फेब्रुवारीला आमसभेत उभं राहून तीन बोटं वर केली, आंदोलकांची निषेधाची खूण. जगाने टाळ्या वाजवल्या. एप्रिलमध्ये जकार्ताला शेजारी देशांनी जनरलला बोलावून पाच कलमी सहमती केली, त्याने हो म्हटलं आणि परत जाऊन एकही कलम पाळलं नाही, आणि त्याचं कोणी काही केलं नाही. बाहेरचा अर्धा असहकार आलाच नाही तेव्हा आतल्या पोरांनी बंदूक उचलली. त्याचा जाब त्यांना कसा विचारायचा?

आपल्या सरकारची बाजू मी ऐकलेली आहे. आपण लष्कराशी नाही बोललो तर चीन घुसेल, ईशान्येतले बंडखोर तिकडे लपतात, म्यानमारमधून ईशान्येला जोडणारा आपला कलादान वाहतूक प्रकल्प अडकलाय, म्हणून लष्कराशी जमवून घ्यायचं. हे २००७ ला थोडंफार पटण्यासारखं होतं. आज? ऑक्टोबर २०२३ नंतर लष्कराने उत्तरेत आणि पश्चिमेत एवढा प्रदेश गमावला की आपल्या सरहद्दीला लागून कित्येक ठिकाणी लष्कर उरलेलंच नाही. कलादानच्या वाटेवरचं पलेत्वा जानेवारी २०२४ मध्ये अराकान आर्मी या लष्कराविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र गटाने घेतलं. म्हणजे ज्याच्यासाठी आपण गप्प बसलो तो माणूस आपला रस्ताही राखू शकत नाही. आणि चीन घुसलेलाच आहे, आपल्या गप्प बसण्याने तो थांबला नाही. तत्त्व सोडून द्या, नुसता फायद्या-तोट्याचा हिशोब केला तरी हे धोरण तोट्यात आहे.

मिझोरमच्या लोकांनी मात्र वेगळं केलं. मार्च २०२१ मध्ये केंद्राने पत्र पाठवलं की तिकडून येणाऱ्यांना अडवा, परत पाठवा. मिझोरमने ऐकलं नाही. पलीकडचे चिन जमातीचे लोक त्यांचे सोयरे, चर्चने तांदूळ गोळा केला, शाळांत पोरांना घेतलं, हजारो माणसं सांभाळली आणि अजून सांभाळतायत. स्वतः फार श्रीमंत नसलेल्या एका छोट्या राज्याने.

आपल्याला महाराष्ट्रात म्यानमार म्हटलं की टिळकांचा मंडालेचा तुरुंग आणि रत्नागिरीतला थिबा राजा, एवढंच आठवतं. टिळकांना ज्या किल्ल्यात सहा वर्षं ठेवलं त्या किल्ल्यात आज मिन आंग ह्लाइंगचं लष्कर बसलंय, आणि त्याच शहरात १९ वर्षांच्या मुलीला मोर्चात गोळी घातली, तिच्या टीशर्टवर सगळं ठीक होईल असं लिहिलेलं होतं. पुण्यतिथीला मंडालेचा उल्लेख करणाऱ्यांनी या मंडालेबद्दलही एखादं वाक्य बोलावं अशी माझी खरंच इच्छा आहे.

आणि आपल्याला जमत नाही असंही नाही. १९४६ मध्ये, स्वातंत्र्य मिळायच्या आधी, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, असं करणारा पहिला देश आपण होतो. तेव्हा आपल्या निर्यातीचा पाच टक्क्यांच्या वर हिस्सा तिकडे जात होता आणि देश कंगाल होता. पुढे चाळीस वर्षांनी पाश्चात्त्य बँकांनी वर्णद्वेषी सरकारला कर्ज पुढे चालू ठेवायला नकार दिला तेव्हा ते सरकार खरं हललं. आत लोक लढत होते आणि बाहेरून पैसा आटला, दोन्ही एकत्र झालं. वेळ लागला, पण झालं.

डिसेंबर २०२५ च्या शेवटी लष्कराने टप्प्याटप्प्याने निवडणूक घ्यायला सुरुवात केली, सू ची तुरुंगात, त्यांचा पक्ष २०२३ मध्येच रद्द केलेला, देशाच्या मोठ्या भागात मतदान शक्यच नाही. या निवडणुकीच्या नावावर आता सगळे देश हळूच संबंध पूर्ववत करतील अशी भीती आहे. त्याला आपण तरी साथ देऊ नये. श्वे गॅस क्षेत्रात आपल्या सरकारी कंपन्यांचा हिस्सा आहे, ओएनजीसी विदेशचा १७ टक्के आणि गेलचा साडेआठ टक्के. उद्या विहीर बंद करा असं मी म्हणत नाही, लष्कराच्या कंपनीच्या वाट्याचा पैसा निवडून आलेलं सरकार येईपर्यंत वेगळ्या खात्यात राखून ठेवा अशी मागणी भागीदार करू शकतात. शस्त्रांना लागणारं काहीही आपल्या सरकारी कंपन्यांकडून जाणार नाही हे एका आदेशात होतं, त्याला कायदा पण लागत नाही.

यांगोनमध्ये लष्कराच्या कंपनीकडून जमीन घेऊन बंदर बांधणाऱ्या अदानी पोर्ट्समधून जून २०२१ मध्ये नॉर्वेच्या केएलपी या पेन्शन फंडाने पैसे काढून घेतले. ऑक्टोबरमध्ये अदानींनी तिथून बाहेर पडायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये ते बंदर ३ कोटी डॉलरला, गुंतवणुकीपेक्षा खूप कमीला, विकून टाकलं. नॉर्वेतल्या नर्सेस आणि नगरपालिका कर्मचाऱ्यांची पेन्शन होती ती. ओएनजीसीत एलआयसीचा मोठा हिस्सा आहे आणि एलआयसीत आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक घराचा हप्ता जातो. पॉलिसीधारक म्हणून हा प्रश्न एलआयसीला आणि आपल्या खासदाराला लेखी विचारता येतो, मी विचारणार आहे, तुम्हीही विचारा.